टूलबॉक्समध्ये आमचं काय?

दसरा झाला आणि कळंबहून चुलतभावाचा फोन आला. सेकंड शिफ्ट संपवून मी शिवडी नाक्यावर चहा पीत उभा होतो. आठ तास लोखंडाच्या कॉईली लॅश केल्यावर बोटं फोनसुद्धा नीट धरत नाहीत. पोरगं खुशीत होतं. ‘‘दादा, गाडी मिळाली. दहा चाकी. मालकाची हाय, पर चालवणार मीच. मालकानं टूलबॉक्सची यादी धाडलीया. वाटंत गाडी बंद पडली तर काय काय लागंल त्याची. तू गोदीत असतूस, तुला लोखंडातलं कळतंय. बघ, काय राहिलंय का.’’

यादी मोबाईलवर आली. जॅक, चाकाचा पाना, टॉमी दोन, स्टेपनी हवा भरून, फॅन बेल्ट, फ्यूज, हेडलाईटचा बल्ब, एअर पाईपचा तुकडा, तार, चिकटपट्टी, ग्रीस, इंजिन ऑईल पाच लिटर, पाण्याचा कॅन, दोर, ताडपत्री. खाली पेनानं वेगळं लिहिलेलं – लोखंडी रॉड, रात्रीसाठी. आणि सगळ्यात शेवटी लिंबू-मिरची, दर शनिवारी बदलणे.

मी यादी तीनदा वाचली. गाडीच्या एकूण एक अवयवाची सोय तिच्यात होती. पट्टा तुटला तर पट्टा, नळी फुटली तर नळी, नजर लागली तर लिंबू. गाडीला तहान लागली तर पाणी. तो कॅन रेडिएटरचा, त्यातलं कुणी पिऊ नये म्हणून ड्रायव्हर लोक शिव्या घालतात. माणूस तेवढा यादीत कुठंच नव्हता.

तुम्ही म्हणाल, च्यायला, चळवळीच्या पानावर हा जॅक आणि पाना काय घेऊन बसलाय! बसलोय खरा. कविता करतो म्हणून माझ्याकडून दर वेळी सूर्य आणि वणवा यांचीच अपेक्षा करू नका. ही गाडी वर्षातले पाचसहा महिने काय वाहते ते आधी ऐका.

कळंब मांजरेच्या काठावर. पण नदीचं पाणी ज्याच्या शेतात मोटर आहे त्याचं. दिवाळीच्या आगेमागे आमच्या तालुक्यातली, शेजारच्या वाशी-भूममधली आणि पलीकडच्या बीड जिल्ह्यातली माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. मुकादम उचल देतो आणि उचल घेतलेली जोडपी गाडीत भरतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबाच्या वहीत तसंच लिहितात, ‘दहा कोयते’, ‘बारा कोयते’. माणसं मोजायला हत्याराचं नाव. हौद्यात खाली पत्रे, बांबू, धान्याची पोती, चुली, त्यावर शेळ्या, त्यावर म्हाताऱ्या, लेकरं, पोटुशा बाया. ज्वारीचं पोतं घसरू नये म्हणून दोर बांधतात. लेकरू घसरू नये म्हणून आईनं त्याचा दंड धरायचा.

तर त्या यादीत माल होता, गाडी होती, मालकाची झोप होती. आम्ही नव्हतो.

आता नानाचं सांगतो. नाना म्हणजे माझा चुलता, ह्या पोराचा बाप. साल 2015. पाऊस पडलाच नव्हता. मांजरा धरणाचा तळ दिसायला लागला होता. पुढच्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेच हे वर्ष. अर्धं गाव टोळ्यांनी निघालं. मी दहावीत. दिवाळीची सुट्टी म्हणून मायबापाबरोबर गाडीत. संध्याकाळी कळंब सोडलं, येरमाळा ओलांडून गाडी बार्शीच्या रस्त्याला लागली, तेव्हा पार अंधार पडला होता. मागचं एक टायर येरमाळ्याच्या आधीपासून फसफसत होतं. सगळ्यांना ऐकू येत होतं. ड्रायव्हर थांबेना.

का थांबेना? त्या पट्ट्यात रात्री गाडी थांबली की पारधी येतात, लुटतात, असं ड्रायव्हर लोकांत बोललं जातं. रस्त्यावर चोऱ्या होतात हे खोटं नाही. पण चोरी झाली की नाव कुणाचं घ्यायचं हे ह्या देशात चोरीच्या आधीच ठरलेलं असतं. 1871 साली गोऱ्या साहेबानं अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. तो 1952 साली गेला. ड्रायव्हरच्या केबिनमधून तो अजून गेलेला नाही. मालकाच्या यादीत ‘रात्रीसाठी’ म्हणून जो रॉड लिहिलाय ना, तो त्या कायद्याचाच तुकडा.

म्हणून थांबायला चांगली, सपाट, उजेडाची जागा होती ती सोडली आणि टायर फुटलं ते वळणावर. गाडी डावीकडं कलली. वरची दोन पोरं गोण्यांवर आदळली, एकाच्या ओठातून रक्त. ड्रायव्हर उतरला, त्यानं टूलबॉक्स उघडला. जॅक निघाला, पाना निघाला. मागून येणाऱ्या गाड्यांना सावध करायला त्यात काही नव्हतं. त्यानं नेहमीचं केलं. चार दगड आणून रस्त्यात ठेवले, बाभळीची फांदी टाकली. दगड रात्री कुणाला दिसतात? मग तो नानाला म्हणाला, ‘‘पाव्हणं, तुमी मागं उभं ऱ्हावा, मोबाईलची बॅटरी हालवा.’’

नानानं चुलतीचा तांबडा टॉवेल एका हातात धरला, दुसऱ्या हातात मोबाईल. साडेतीनशे रुपयांचा त्रिकोण घ्यायचा वाचला आणि त्याच्या जागी माझा चुलता रस्त्यात उभा राहिला. माणसाचा रिफ्लेक्टर. बार्शीकडून काही आलं नाही. येरमाळ्याकडून एक पिकअप आला, वळण घेऊन आला, आणि थांबला नाही.

पुढचं सविस्तर लिहीत नाही. एवढंच सांगतो, डावा पाय गुडघ्याखाली राहिला नाही. रक्त थांबवायला गाडीत चिंधी नव्हती. माझ्या मायनं लुगडं फाडलं. कुणी म्हणे वर बांधा, कुणी म्हणे हळद टाका, कुणी तोंडात पाणी ओततंय. चौघांनी चार अंगांनी धरून उचलला, जसं पोतं उचलतात. 108 ची गाडी 2014 पासूनच महाराष्ट्रात सुरू झाली होती. ती फुकट असते हे टोळीतल्या एकालाही माहीत नव्हतं. ड्रायव्हरला माहीत होतं, त्यानं लावला नाही. पोलीस येतील म्हणाला. शेवटी मी लावला, तर पलीकडची बाई विचारते, कुठल्या ठिकाणी आहात? काय सांगू? अंधारात आहोत?

आणि ज्यांच्या भीतीनं गाडी थांबवली नाही, त्यांची पालं रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर होती. आवाज ऐकून तिथली एक म्हातारी कळशी घेऊन आली, मागं तिचे दोन पोरगे बाज घेऊन. जागा कुठली, मैलाचा दगड कुठला, ते त्यांनी सांगितलं. ड्रायव्हर तेव्हाही टॉमी हातात घेऊन उभा होता.

गाडीमालक दवाखान्यात आला नाही. नंतर म्हणाला, तुमचा माणूस गाडीत नव्हताच, रस्त्यावर होता. आणि गाडीत असता तरी मालाच्या गाडीत माणूस बसला कसा? बसवताना मात्र हा प्रश्न त्याला पडला नव्हता. मुकादमानं नानाची उरलेली उचल चुलतीच्या नावावर फिरवली. कोयता अर्धा झाला, उचल पुरी राहिली. धडक देऊन पळून गेलेल्या गाडीचा पत्ता लागला नाही तरी सरकारकडून भरपाई मिळते हे आम्हाला चार वर्षांनी कळलं. तेव्हा ती गंभीर जखमीला 12,500 रुपये होती. 1 एप्रिल 2022 पासून जखमीला 50,000 आणि मेलेल्याच्या वारसाला 2 लाख झाली. आम्ही अर्जच केला नव्हता. अर्ज असतो हेच माहीत नव्हतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हा टूलबॉक्स बसलाय. गावानं आपल्याला नेहमी असंच वापरलं. मेलेलं ओढायला आपण, सांगावा घेऊन रानोमाळ पळायला आपण, रात्री वेशीवर जागायला आपण. कळंबपासून फार लांब नसलेल्या कसबे तडवळ्यात 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला महार-मांग वतनदारांची परिषद भरली, बाबासाहेब स्वतः आले. वतन म्हणजे काय होतं? गावगाड्याच्या अडीनडीला लागणारं सामान. गावगाडा जाऊन दहा चाकी आली, सामान तेच राहिलं. गाडी घाटात मागं सरकली तर क्लीनरनं पळत जाऊन चाकाखाली दगड घालायचा, त्यात बोटं गेली तर त्याची. ताडपत्री उडाली तर चालत्या गाडीत वर चढायचं पोरानं. क्लीनर हा आणीबाणीच्या पेटीतला सगळ्यात स्वस्त भाग, तुटला की दुसरा.

मी हे नुसतं चिडून म्हणत नाही, मी दुसरी बाजू रोज बघतो. गोदी म्हणजे काही स्वर्ग नाही. आम्ही ठेक्यावरची माणसं, हेल्मेटसाठीसुद्धा भांडावं लागतं. पण गोदीत भिंतीवर प्रथमोपचाराची पेटी असते. ट्रेलर उभा राहिला की चाकाला ठोकळे लावल्याशिवाय वर चढायचं नाही, असा नियम असतो. नियम मोडला तर बोट दाखवायला जागा असते. हे कुणाच्या दयेनं आलं नाही. जगभरच्या गोदी कामगारांनी बोटं, पाय, जीव घालवून, संप करून ते मिळवलं. 1979 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं गोदीच्या सुरक्षेचा करार केला, 1986 साली आपल्याकडं गोदी कामगारांच्या सुरक्षेचा वेगळा कायदा झाला. ऊसतोड्यासाठी काय झालं? त्याचं कामाचं ठिकाण म्हणजे फड. पण फडाला पोचायच्या आधी तो दोनतीनशे किलोमीटर जो हवेत लटकत जातो, ते कुणाचं ठिकाण? कारखाना म्हणतो हा मुकादमाचा माणूस. मुकादम म्हणतो वाहतूक ठेकेदाराचा. गाडीमालक म्हणतो, माझा फक्त ड्रायव्हर. रस्त्यावर पडलेला पाय कुणाचाच नसतो.

इथं कायद्याची एक गोष्ट समजून घ्या, कारण ती पेटीत ठेवायची आहे. डिसेंबर 2002 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची भरपाई विमा कंपनीनं देणं बंधनकारक नाही. पण 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 147 कलमात तेव्हा दोन माणसं धरलेली होती. एक, मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी. दुसरा, गाडीमालकाच्या कामावर असलेला आणि गाडीतून नेला जाणारा कामगार. त्याची भरपाई तेव्हा 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या हिशेबानं. म्हणजे त्याच हौद्यात, त्याच पोत्यावर बसलेली दोन माणसं. एकाचं नाव कागदावर कामगार म्हणून आहे, तो माणूस. दुसऱ्याचं नाही, तो फुकट्या. अपघात झाल्यावर हा कागद कुणी करत नाही, अपघात झाल्यावर कागद फाडतात. म्हणून गाडी हलायच्या आधी नावं लिहायची.

तर मी चार दिवसांची रजा टाकून कळंबला गेलो. रजा म्हणजे बिनपगारी. मस्जिद बंदरच्या बाजारातून दोन घडीचे त्रिकोण आणि दोन चमकणारी जाकिटं घेतली. नव्या गाडीबरोबर त्रिकोण आणि प्रथमोपचाराची पेटी द्यायची असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतच नियम आहे. चुलतभावाच्या गाडीतला त्रिकोण आधीच्या ड्रायव्हरच्या काळात गेलेला, आणि प्रथमोपचाराच्या डब्यात बिड्या आणि पत्त्यांचा कॅट.

कळंबच्या बाजार समितीच्या आवारात सोयाबीनच्या पोत्यांमागं गाडी लावून आम्ही दोघं बसलो. सगळं बाहेर काढलं. मालकाच्या यादीतलं काही कमी केलं नाही, गाडी चालली पाहिजे हे आम्हालाही कळतं. पण जॅकखाली घालायला जाड फळी घेतली, कारण मुरमाड साईडपट्टीत जॅक रुततो आणि गाडी खाली येते ती पाना धरणाऱ्याच्या अंगावर. सुताराकडून बाभळीचे दोन ठोकळे तिरके कापून घेतले, मागं दोरी बांधून. म्हणजे गाडी निघताना ठोकळा ओढून घेता येतो, दगडासारखा रस्त्यात राहत नाही. ह्या दगडांवर कुणी कविता करत नाही. चाक बदललं की गाडी जाते, दगड तिथंच. तासाभरानं त्याच दगडावर कुणीतरी मोटरसायकलवाला आपटतो. तो बहुतेक आपल्यातलाच, रात्रपाळीहून येणारा. 2015 च्या रात्री आमचेही चार दगड तिथंच राहिले. ते कुणाला लागले मला ठाऊक नाही. हे मी दहा वर्षं कुणाला बोललो नव्हतो.

त्रिकोण किती लांब ठेवायचा ह्यावर आमचं भांडण झालं. तो म्हणे वीस पावलं. मी त्याला खडूनं फरशीवर हिशेब करून दाखवला. ताशी साठनं येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ सतरा मीटर जाते. ऐंशीनं आली तर बावीस. वीस पावलांवरचा त्रिकोण ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तो तुझ्या मागच्या चाकापाशी पोचलेला असतो. साध्या रस्त्यावर पन्नास मीटरच्या आत नको, हायवेला शंभर-दीडशे, आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडं. त्रिकोण ठेवून मागं यायचं. तिथं उभं राहायचं नाही. हे मी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तो काही बोलला नाही, नुसता मान खाली घालून ग्रीसचा डबा पुसत बसला. बापाचा पाय त्यालाही आठवत होता.

हौद्याच्या मागच्या फळीला रेडियमची पट्टी मारली. उसाच्या ट्रॉल्या रात्री बिनदिव्याच्या फिरतात आणि मागून माणसं त्यांच्यात शिरतात, हे दर हंगामात पेपरला येतं. केबिनमध्ये हाताला लागेल असा पावडरचा अग्निशामक. मालक म्हणाला, कशाला? अरे, हौद्यात वाळलं पाचट, रॉकेलचा डबा आणि विडी ओढणारी म्हातारी एकत्र बसलीय!

मग माणसाची पेटी. एक वेगळा पत्र्याचा डबा, पांढरा रंग दिला, आणि तो टूलबॉक्समध्ये ग्रीसशेजारी न ठेवता केबिनमध्ये ठेवला. त्यात गॉज, रुंद पट्ट्या, तिकोनी कापड, कात्री, रबरी हातमोजे, जंतुनाशक, जलसंजीवनीची पाकिटं, बॅटरी. बायांसाठी पॅड. पोरगं लाजलं. म्हटलं, लाज कसली, बारा कोयत्यांत बारा बाया असतात, रात्रभर गाडी चालते, तू लघवीला तरी कुठं थांबवतोस सांग. पाकीटबंद ब्लेड आणि नाळ बांधायची स्वच्छ दोरी पण ठेवली. दिवस भरलेली बाई उचल घेतलेली आहे म्हणून गाडीत चढते, आणि गाडी काही तिच्या कळा बघून दवाखान्यासमोर बंद पडत नाही.

सामान ठेवून भागत नाही. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मोठ्या अक्षरात लिहिलं, कारण टोळीत वाचणारं एखादं पोरगं असतंच: रक्त येतंय तिथं स्वच्छ कापड धरून जोरानं दाबा, सारखं उचलून बघू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. मान-पाठ दुखते म्हणाला तर गाडी पेटल्याशिवाय हलवू नका. साप चावला तर कापू नका, आवळून बांधू नका, चालवू नका, सरकारी दवाखान्यात न्या. 108 ला फोन करा, रस्त्याच्या कडेच्या दगडावरचं गावाचं नाव आणि आकडा वाचून सांगा. जखमीला पोचवणाऱ्याला पोलीस आपलं नाव सांगायला भाग पाडू शकत नाहीत, 2019 च्या दुरुस्तीनं कायद्यात 134-अ कलम त्यासाठीच आलंय. आणि मे 2025 पासून रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीला योजनेतल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचा उपचार बिनपैशाचा आहे. दवाखाना आधी डिपॉझिट मागेल. मागू द्या, तुम्ही योजनेचं नाव मागा.

सगळ्यात खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वही. गाडीत चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय, गाव, घरचा फोन, कुणाच्या कामावर. लेकरांची पण नावं. खाली मुकादमाची सही, गाडीमालकाची सही. एक प्रत गाडीत, एक घरी राहणाऱ्या म्हाताऱ्याकडं, फोटो माझ्याकडं. ह्या वहीवरून खरं महाभारत झालं. त्रिकोणाला मालक हसला, पॅडला मुकादम हसला, वहीला कुणी हसलं नाही. मालक म्हणाला, असल्या सह्या मी करत नसतो. बरोबर आहे. जॅक गाडी उचलतो, वही मालकाला उचलते.

आता हे वाचणाऱ्या मुंबई-पुण्या-औरंगाबादच्या दोस्तांनो, जरा आपल्याकडं बघू. शहराचं नाव बदललंय, माझ्या तोंडात जुनंच बसलंय, सोडा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला, एक जानेवारीला भीमा कोरेगावला, चौदा जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर आपण कशानं जातो? टेम्पोनं, ट्रकनं, भाड्याच्या पिकअपनं. निळा झेंडा असतो, बॅनर असतं, गाणी वाजवायला हा एवढा डबा असतो. त्रिकोण असतो का? गाडीत कोण कोण बसलंय त्याची यादी असते का? मी स्वतः दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतून निघालेल्या टेम्पोची वर्गणी गोळा केली होती. फुलांना पैसे ठेवले, फटाक्यांना ठेवले. परतीला पहाटे टेम्पो पंक्चर झाला आणि आमचं सोळा वर्षांचं पोरगं पांढरा शर्ट घालून मागं उभं केलं, दिसावं म्हणून. मीच केलं! नानाचा पाय डोळ्यांनी बघितलेल्या माणसानं. काही झालं नाही म्हणून मी त्यावर आजवर एक ओळ लिहिली नाही.

तेव्हा मालकाला शिव्या देताना आपल्या संघटनेच्या गाडीचा टूलबॉक्सही उघडा. मेळाव्याच्या वर्गणीत पहिला खर्च त्रिकोण, पट्ट्या आणि वहीचा धरा, हार-तुरे नंतर. आणि ऊसतोड्यांच्या मागण्यांत मजुरीचा दर, उचलीचं व्याज, मुलांच्या शाळा ह्यांच्याबरोबर हेही घाला, की टोळी नेणारी गाडी निघताना पेटी आणि नावांची यादी तपासली जाईल, तिचा खर्च कारखाना आणि वाहतूकदार देईल, मजुराच्या उचलीतून कापला जाणार नाही. खरं तर मालगाडीत माणसं न्यायचीच नाहीत, बस द्यायची, ही मागणी आहे. ती मिळेपर्यंत मरत बसायचं का? काही विचारवंत दोस्त म्हणतात, अशी पेटी दिली की तुम्ही ट्रकमधली वाहतूक मान्य केलीत. त्यांना मी म्हणतो, एकदा या, कळंबहून निघू, हौद्यात बसू आणि येरमाळ्याच्या पुढं ह्यावर बोलू.

वहीवर मालकानं अजून सही केलेली नाही. मुकादमानं केली. टोळीतल्या अकरा बायांनी सांगितलं, नावं लिहिल्याशिवाय चढणार नाही, आणि दिवाळीच्या तोंडावर दुसरी टोळी कुठून आणणार? चुलतभावानं मालकाच्या नावापुढं तारीख टाकून ‘सही नाकारली’ असं लिहून ठेवलंय. ते मीच शिकवलं. गोदीत असंच लिहितात.

निघायच्या आदल्या रात्री पेटी दाखवायला घरी नेली. नाना ओट्यावर बसला होता, पायाशेजारी कुबडी. त्यानं एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. त्रिकोण उघडला, मिटला, परत उघडला. ‘‘केवढ्याला?’’ विचारलं. मी आकडा सांगितला. तो बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘ह्यात एक शिट्टी टाक. मी त्या रातीला वरडलो व्हतो, खच्चून वरडलो व्हतो. इंजिन चालू व्हतं, कुनाला ऐकूच गेलं न्हाई.’’

सकाळी बसस्टँडजवळच्या दुकानातून दहा-दहा रुपयांच्या दोन शिट्ट्या घेतल्या. एक डब्यात टाकली, एक चुलतभावानं गळ्यात घातली.